आजोबांच्या खुर्च्या, मैत्रिणीचं कापड आणि कुशनवाल्या काकांचा नकार

गिरगावची_डोंबिवलीत:
आजोबांच्या दोन सागवानी खुर्च्या. लाकूड ठणठणीत, पण मरून रेक्झिन फाटून काथ्या बाहेर आलाय. बसलं की स्प्रिंग कण्हते. मैत्रीण हातमागावर विणते, रंगवतेही घरीच. तिने निळं-पिवळं सुती कापड करून दिलं, नीळ आणि हळद वापरून. मी हरखले. कुशनवाल्या काकांनी ते चिमटीत धरलं, उजेडाकडे केलं आणि म्हणाले, "ताई, हे पडद्याचं." मैत्रीण रुसलीय. खुर्च्या खिडकीशी ठेवायच्यात. काय करू?

चुका_हातोडी:
आमच्या वडिलांचं कुशनचं दुकान होतं. तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून ठोकायचे, आई ओरडायची. काका बरोबरच बोलले. उजेड आरपार दिसला म्हणजे वीण विरळ. खुर्चीवर कापड ताणून ठोकतात, विरळ असलं की शिवणीपाशी धागे सरकतात. हेच वापरायचं तर पाठीला लावा, मागे मांजरपाटाचं अस्तर देऊन. बैठकीला घट्ट विणलेलंच हवं. कापायच्या आधी धुवा, सुती आटतं. आणि हो, जुनं रेक्झिन टराटरा फाडू नका! चुका एकेक काढून अख्खं सोडवा, तोच तुमचा फर्मा.

मंजिष्ठा:
खिडकीशी हळद? उन्हाने उडून जाईल हो. पिवळा हवाच असेल तर डाळिंबाची साल, तुरटी देऊन. हळदीपेक्षा पुष्कळ टिकते. नीळ उन्हाला बरी, पण घासली की सुटते. ओलं पांढरं फडकं घासून बघा.

गिरगावची_डोंबिवलीत:
घासलं. रुमाल आकाशी झाला. नवऱ्याचे पांढरे लेंगे डोळ्यांपुढे आले.
शेवटी काकांनाच तिच्या मागापाशी घेऊन गेले. पंधरा मिनिटं दोघं माझ्याशी बोललेच नाहीत. काकांनी उभे धागे ज्यातून जातात त्या फणीकडे बोट दाखवून "दाट करा" म्हटलं, तिने नवी फणी काढली. मग रेक्झिन सोडवून जमिनीवर पसरलं. बैठक पुढे २१ इंच, मागे १८, शिवाय दोन्ही बाजूंनी खाली वळवायला हवं. तिच्या मागाचा पन्हा २४. म्हणजे जोड आलाच. तिला तो मधोमध हवा, नक्षीसारखा. काकांना दोन कडांना, कोणाला दिसू नये असा. नीळ तिने पाठीपुरती ठेवलीय, तीही पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन.

चुका_हातोडी:
मधोमध जोड नको, नेमका तिथेच भार येतो. कडांना द्या आणि वर गोट लावा. कडा आधी झिजते, गोट ती वाचवतो.

गिरगावची_डोंबिवलीत:
गोट ठरला. पण काकांनी आणलेला चकचकीत सोनेरी नाही. त्यावरून आज पुन्हा फोन आलाय.