मदत हवी आहे: रीफ टँकचं पाणी चार दिवस दुधाळच

मंडळी, ऐरोलीत राहतो. घरी 200 लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्यातला, प्रवाळांचा मत्स्यटँक) आहे, दीड वर्ष जुना. दोन क्लाऊनफिश, थोडे झोअँथिड (छोटे, फुलांसारखे दिसणारे प्रवाळाचे नातलग) आणि माझा लाडका हॅमर कोरल (प्रवाळ).

रविवारी घाईत बफर (अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण, वाढवणारं द्रावण) आणि कॅल्शियम पाठोपाठ ओतलं. अर्ध्या तासात टँकचं ताक! हीटरवर पांढरी खरखरीत पुटं धरली, अल्कलिनिटी 6.5 डीकेएचवर (हे तिचं एकक) घसरली. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसला, इतपत कळलं. पण तो एक-दोन दिवसांत निवळायला हवा ना? आज चौथा दिवस. काचेच्या ग्लासात पाणी रात्रभर ठेवलं, तळाशी काहीच नाही, गढूळ ते गढूळच. त्यामुळे आता बॅक्टेरियल ब्लूमचा (पाण्यात जिवाणू एकदम वाढण्याचा) संशय येतोय. क्लाऊन सकाळी वर येऊन धापा टाकतात, म्हणून एअरस्टोन सोडलाय, स्किमरही (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) चालू आहे. खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025, अमोनिया शून्य.

आई म्हणते, "तुरटी फिरव." कसंबसं थांबवलंय तिला.

यूव्ही (जिवाणू मारणारा अतिनील दिवा) लावू का, की थोडं पाणी बदलून गप्प बसू? अल्कलिनिटी आत्ताच हळूहळू वाढवायची की पाणी निवळल्यावर? ठाणे-नवी मुंबईत कुणाकडे चार दिवसांसाठी जादा यूव्ही असेल तर येऊन घेऊन जाईन. हॅमर निम्मा मिटलाय हो.