एरर थांबली, पण वेट्स दर वेळी वेगळीच का?

निपाणीचा पोरगा
बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझ्या मामांची शेड आहे. तिथल्या लेथच्या मोटरवर सेन्सर लावून फायनल इयरचा प्रोजेक्ट करतोय. इनपुट तीन: वेग (1440 ते 1490 आरपीएम), करंट (5 ते 8 अँपिअर) आणि शेडमधलं तापमान. त्यावरून मोटरच्या बॉडीचं तापमान सांगायचं. एकच न्यूरॉन: प्रत्येक इनपुटला त्याच्या वेटनं, म्हणजे एका आकड्यानं, गुणून बेरीज करतो. शिकवायला एलएमएस: दर स्टेपला एरर बघून वेट्स थोडी सरकवायची, किती ते लर्निंग रेट ठरवतो. लर्निंग रेट 0.01 ठेवला की दोन-चार स्टेपमध्ये आकडे फुटतात. 0.0000001 ठेवला तर एरर पटकन खाली येऊन ±4 अंशांवर थांबते. पण पाच वेळा चालवलं तर करंटचं वेट पाचही वेळा वेगळं! मग हे कन्व्हर्ज झालं, म्हणजे वेट्स योग्य जागी स्थिरावली, म्हणायचं का? गाईड म्हणतात, एरर थांबली ना, झालं. मला पटत नाही.

टिळकवाडी
पटत नाही ते बरोबर आहे. 1960 मध्ये विड्रो आणि हॉफ यांनी मांडलेल्या या एलएमएस नियमात रेट 2 भागिले सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू याच्या आत लागतो. ती आयगेनव्हॅल्यू म्हणजे ढोबळमानानं सर्वांत मोठ्या इनपुटच्या वर्गाची सरासरी. तुझा वेग तसाच कच्चा घातलास, त्याचा वर्गच 21 लाखांच्या घरात. म्हणजे मर्यादा दहा लाखांत एक भागाच्याही खाली. तुझ्या 0.0000001 रेटला वेगाचं वेट चार-पाच स्टेपमध्ये बसतं, पण करंटचा चढउतार एखाद्या अँपिअरचा, त्या दिशेला कोटीभर स्टेप लागतील. ते वेट हललेलंच नाही रे, सुरुवातीला जिथं टाकलंस तिथंच बसलंय!

एक कर. दर वेळी नुसतं सरासरी तापमान सांगितलं तर एरर किती येते, ते काढून बघ. ±4 च्या आसपास आली, तर मॉडेल अजून काहीच शिकलेलं नाही.

इनपुट स्केल कर: प्रत्येकातून सरासरी वजा कर, स्टँडर्ड डेव्हिएशननं (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याच्या मापानं) भाग, मग 0.01 चालेल. तरी वेट्स शेवटी थोडी थरथरतीलच, कारण रेट कायम आहे. रॉबिन्स आणि मनरो यांच्या 1951 च्या पद्धतीनं रेट 1/n असा (n म्हणजे कितवी स्टेप) उतरवला की ती थरथर मरते. पण बेअरिंग झिजून मोटर बदलत जाणार असेल तर मी रेट लहान पण कायमच ठेवीन, नाहीतर पुढचा बदल त्याला पकडताच येणार नाही.

शेडवाला
गणित माझं नाही, मोटर माझी. इंडक्शन मोटरवर लोड वाढला की करंट चढतो आणि वेग उतरतो, दोन्ही एकदमच. ही दोन वेगळी माहिती नव्हेच की!

टिळकवाडी
काका, मुद्द्याचं बोललात. मग स्केल करूनही त्या दोघांतली एक दिशा मंदच राहणार. एक इनपुट काढून टाक.

निपाणीचा पोरगा
सरासरीवाली एरर काढली: ±4.2. दोन रात्री जागून हेच शिकवत होतो! वेग काढून टाकला, बाकी स्केल केलं. आता पाचही वेळा करंटचं वेट 3.1 ते 3.2, एरर ±1.3. काका, सर, मनापासून आभार. उद्या गाईडना दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवतो.