मदत हवी आहे: सोसायटी रॅम्प बांधू देत नाही, कायद्याने काय करता येईल?

अबोली:

नमस्कार. मी इथे बहुतेक वाचतच असते, लिहीत नाही, पण आता खरंच अडलंय म्हणून धागा काढतेय. लांबलाय थोडा, समजून घ्या.

आम्ही डोंबिवलीत राहतो, १९९८ ची चार मजली बिल्डिंग, १६ फ्लॅट, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. माझ्या दादाला दीड वर्षापूर्वी बाइकवरून पडून मणक्याला मार लागला, कमरेखाली ताकद नाही आणि संवेदनाही नाही. आता व्हीलचेअर तो स्वतः चालवतो, पलंगावरून खुर्चीत स्वतः येतो, घरून अकाउंट्सची कामंसुद्धा परत सुरू केलीत. लिफ्ट आहे, खुर्ची आत जाते, टेप लावून मोजलंय. अडतं ते एकाच ठिकाणी, लिफ्टपासून कंपाउंडमध्ये उतरायला पाच पायऱ्या आहेत.

त्या पाच पायऱ्यांसाठी दरवेळी वॉचमन काका आणि समोरचा इस्त्रीवाला त्याला खुर्चीसकट उचलतात. दोघं फार प्रेमाने करतात हो, पण मागच्या पावसाळ्यात एकाचा पाय घसरला, दादाचं पाऊल कठड्याला घासलं, आणि त्याला ते कळलंच नाही कारण तिथे काही जाणवतच नाही. रात्री आईने मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं. ती जखम भरायला दोन महिने गेले. तेव्हापासून तो डॉक्टरकडे जाण्यापुरताच खाली उतरतो. परवा मला म्हणाला, मला कटिंगला जायचं असलं तरी दोन माणसं मोकळी आहेत का ते आधी बघायचं, त्यापेक्षा केस वाढू देत. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कमिटीला चार वेळा तोंडी सांगून झालं. सेक्रेटरी काका म्हणतात एका माणसासाठी चार बाइकचं पार्किंग कसं काढायचं, बायलॉजमध्ये रॅम्प कुठे लिहिलाय, महापालिकेची परवानगी लागेल, आणि उचलायला आम्ही आहोतच ना. चेअरमन तर म्हणाले तळमजल्यावर भाड्याने घर बघा. फ्लॅट आईच्या नावावर आहे, बाबा गेल्यावर ट्रान्सफर झाला. दादाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, आलेलं आहे, त्यावर दिव्यांगत्व ८५ टक्के.

मला विचारायचंय की हे त्यांच्या मर्जीवर आहे का? कायदा फक्त सरकारी ऑफिसांना लागू होतो असं एकाने सांगितलं, ते खरंय का? आणि भांडण न वाढवता सुरुवात कुठून करू, कारण शेवटी राहायचं तर याच लोकांत आहे.

नदीकाठ:

ताई, आधी एक गोष्ट मनात पक्की करा, तुम्ही उपकार मागत नाही आहात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, एप्रिल २०१७ पासून लागू आहे. फक्त सरकारी ऑफिसांना लागू हे अर्धवट ऐकलेलं आहे. नोकरीतलं ४ टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांसाठी आहे, तिथून हा गैरसमज येतो. पण याच कायद्यात कलम २ मध्ये खाजगी आस्थापनेची व्याख्या आहे आणि त्यात कंपनी, फर्म यांच्याबरोबर सहकारी सोसायटी हा शब्द सरळ लिहिलेला आहे. त्याच कलमात भेदभाव म्हणजे काय ते सांगताना वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच असं म्हटलंय, आणि कलम ३ भेदभावाला मनाई करतं. वाजवी सोय म्हणजे समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता करता येण्यासारखा आवश्यक बदल. म्हणजे सोसायटीला नाही म्हणायचं असेल तर बोजा अवाजवी कसा ते त्यांनी दाखवायला हवं, बायलॉजमध्ये लिहिलेलं नाही हे काही उत्तर झालं नाही. १६ फ्लॅटमध्ये वाटला तर एका रॅम्पचा खर्च कितीसा येतो.

आणि आता तोंडी बोलणं बंद करा. अर्ज आईच्या सहीने द्या कारण सभासद त्या आहेत, सोबत यूडीआयडीची झेरॉक्स, पायऱ्यांचे फोटो, त्या जखमेचे डॉक्टरांचे कागद. अर्जात सोसायटीने इतक्या दिवसांत लेखी उत्तर द्यावं असं म्हणा. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

वेलदोडा:

यात एक भर. कलम ४५ मध्ये जुन्या इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या असं आहे, कोणीतरी तुम्हाला ते अर्जात टाका म्हणेल, पण ते सार्वजनिक इमारतींसाठी आहे, म्हणजे शाळा, दवाखाने, स्टेशनं, दुकानं, जिथे सगळा पब्लिक येतो. राहण्याच्या बिल्डिंगला ते लावायला गेलात तर समोरचा वकील तिथेच पकडेल. तुमचा जोर वाजवी सोय आणि भेदभाव यावरच ठेवा. २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात सुप्रीम कोर्टाने वाजवी सोय हा समानतेच्या हक्काचाच भाग आहे हे फार नीट समजावलंय. ती केस परीक्षेत लेखनिक मिळण्याची होती पण तत्त्व तेच.

लेखी नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा, ऑफिस पुण्यात आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी त्यांना दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. पण खरं सांगायचं तर शेवटी ते देतात ती शिफारस असते, शिफारस मिळाल्यावर तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं, मान्य नसेल तर कारण द्यावं लागतं. म्हणजे आदेश आला की दुसऱ्या दिवशी रॅम्प असं होणार नाही. कायदा मोडल्याचा दंड पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, पुन्हा मोडला तर ५०,००० ते ५ लाख. हे आकडे अर्जात घालू नका, पहिल्याच कागदात धमकी वाचली की माणसं हट्टाला पेटतात.

सायंतारा:

आम्ही यातून गेलोय, माझी आई अर्धांगवायूनंतर खुर्चीवर होती, म्हणून कळकळीने सांगते. परवानगी मिळाली म्हणजे काम झालं असं समजू नका. आमच्याकडे भांडून भांडून रॅम्प झाला आणि गवंड्याने स्कूटर चढवायचा उतार असतो ना तसा करून ठेवला. खुर्ची चढवताना मागे कलंडायची, मला एकटीला ढकलता यायची नाही, शेवटी कुंड्या ठेवायला झाला तो रॅम्प. मग दुसरा बांधला.

उतार १ ला १२ हवा. म्हणजे पायऱ्यांची एकूण उंची जितके इंच तितके फूट लांबी. दोन्ही बाजूंना कठडा, फरशी खरखरीत, पावसात न घसरणारी, रुंदी चार फूट तरी. तुमचा भाऊ स्वतः खुर्ची चालवतो तर त्याला एकट्याला चढता येणं हाच मुद्दा आहे. वॉचमनने ढकलायचं असेल तर पुन्हा तेच की हो, माणूस मोकळा आहे का बघा.

खर्चाचं म्हणाल तर मी अर्धा द्यायची तयारी आधीच दाखवली होती, त्याने विरोध बराच निवळला.

नदीकाठ:

खर्चाबाबत माझं मत वेगळं आहे. ये-जा करायची जागा सामायिक आहे, ती वापरता येण्याजोगी ठेवणं सोसायटीचं काम आहे. तुम्ही पहिल्याच ओळीत पैसे देऊ केलेत तर उद्या दुरुस्तीही तुमच्याच गळ्यात. मागाहून गरज पडली तर बोला. बाकी सायंतारा यांचं उताराचं अगदी बरोबर.

अजून एक, कमिटी विषय सभेत घेतच नसेल तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना बायलॉजमध्ये आहे ते. १६ मध्ये चार सह्या पुरतील.

अबोली:

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री दादाला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. सहकारी सोसायटी हा शब्द कायद्यात आहे हे ऐकल्यावर त्याने तो भाग दोनदा वाचायला लावला.

मग सकाळी मी खाली जाऊन मोजलं आणि तो फोनवर लिहून घेत होता. पाच पायऱ्या मिळून २८ इंच, म्हणजे २८ फूट. सरळ जागा नाही, पण भिंतीला लागून १४ फूट, कोपऱ्यावर वळण आणि मग बाजूने १४ फूट असा बसतो असं त्याने कागदावर काढलं. बाइक चारच हलवाव्या लागतात आणि पंपरूमच्या मागे तेवढी जागा रिकामीच पडून आहे, तिथे जुनी फाटकं टाकलीत.

सह्या पाच मिळाल्या. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी मी तोंड उघडायच्या आधीच पेन मागितलं, त्यांचे दोन्ही गुडघे बदललेत, म्हणाले या पायऱ्यांपायी मी संध्याकाळचं देवळात जाणं सोडलंय, कोणाला बोललो नाही. दुसऱ्या मजल्यावर बाळ आहे, त्यांना बाबागाडी रोज उचलावी लागते. मला वाटत होतं हा फक्त आमच्या घरचा प्रश्न आहे.

अर्ज आणि सभेची मागणी दोन्ही आईच्या सहीने आज दिलं. सेक्रेटरी काकांनी पोच द्यायला का कू केलं, मग आजोबा शेजारी येऊन उभे राहिले तेव्हा सही केली. खर्चाचं अजून काहीच लिहिलेलं नाही.

आता एकच शंका, वळणाच्या कोपऱ्यात सपाट जागा ५ फूट बाय ५ फूट मिळतेय, तेवढ्यात खुर्ची वळेल का? दादा म्हणतो वळेल, पण मला सभेत ठामपणे सांगता यायला हवं.

सायंतारा:

वळेल. खुर्ची पूर्ण फिरवायला दीड मीटरचा गोल लागतो, ५ फूट म्हणजे तेवढं होतं. पण ते कठड्याच्या आतलं माप धरा, आणि वर लिफ्टसमोर रॅम्प जिथे संपतो तिथेही तेवढीच सपाट जागा सोडा, दार रॅम्पकडे उघडत असेल तर ते आतल्या बाजूला उघडणारं करून घ्या. सभेच्या आधी जमिनीवर खडूने आखा आणि भावाला खुर्ची घेऊन त्यावर फिरवून बघा.

अबोली:

रविवारी सकाळी आखतो. खडू आईने आत्ताच काढून ठेवलेत.