कुत्र्याची पावसाळी खाज : कडुलिंबाचं पाणी की दवाखाना?

रंकाळ्याचं_वारं
आमचा लॅब्रॅडोर सहा वर्षांचा. मृग लागला की याचं सुरू : रात्रभर पंजे चाटतो, पोटावर लाल चट्टे, शेपटीच्या बुडाला चावून चावून केस विरळ. दोन पावसाळे दवाखाना केला. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या की आठ दिवस गप्प, मग परत तेच. गोळी चालू असताना बादलीभर पाणी प्यायचा आणि जिन्यातच मुतायचा! यंदा गोळी बंद. कडुलिंबाचा पाला उकळून कोमट पाण्यानं आंघोळ, वरून खोबरेल. निम्मी खाज कमी आहे. माझं मत : पावसाळी खाजेला घरचं औषध पुरतं.

करवीरचा_गोठा
एकदम बरोबर. आमच्यात कुत्र्याला कोण दवाखान्यात नेतंय? म्हशींवर गोचिडाचं औषध फवारताना दोन हात त्याच्यावर पण मारतो. लै भारी काम होतंय.

पन्हाळ्याची_पायवाट
गोठेवाले, हे तेवढं बंद करा. म्हशीचं प्रमाण वेगळं, शिवाय कुत्रं अंग चाटून साफ करत बसतं. ते औषध पोटात जातं.

आणि वारं, तुमचा गुण पाल्याचा नाही, पाण्याचा. गवतावरचे परागकण, धूळ, चिखल धुऊन निघतो म्हणून बरं वाटतं. फिरून आलं की चारही पंजे साध्या पाण्यानं धुवा, बोटांच्या बेचक्यात फडकं घालून कोरडे करा, एवढंच पुष्कळ. खोबरेल मात्र बंद. आपल्याकडच्या जुलैत कपडे आठवडाभर वाळत नाहीत, तिथं तेलकट पंजा कधी सुकणार? पंजे हुंगून बघा, आंबूस वास असेल तर बुरशी धरलीय. ती तेलानं जात नाही, औषधी शाम्पू लागतो, तोही लावून दहा मिनिटं तसाच ठेवून मग धुवायचा.

रंकाळ्याचं_वारं
वास आहे, मान्य. पण आजीच्या काळात कुठं होते शाम्पू?

तांबडा_पांढरा
आजीच्या काळात कुत्रं अंगणात असायचं, सोफ्यावर नाही.
एक गोष्ट कुणीच विचारली नाही. पंजे चाटणं एक, शेपटीच्या बुडाला चावणं दुसरं. दुसऱ्याचा पहिला संशय पिसवांवर. बारीक दातांची फणी कमरेवरून फिरवा, निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. माती असेल तर काळीच राहील. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. आणि घरात कुणाच्या हाताला-पोटाला खाजरे पुरळ आले असतील, कुत्र्याच्या कानाच्या कडा खरबरीत झाल्या असतील, तर खरूज समजा आणि सरळ डॉक्टर गाठा. ती माणसालाही लागते.

रंकाळ्याचं_वारं
आत्ता केलं. कापूस लाल. तीन ठिकाणी.
पण दोन वर्षांत एकदाही कुणी फणी फिरवली नाही, गोळी तेवढी लिहून दिली. माझा राग त्याच्यावर आहे.

पन्हाळ्याची_पायवाट
राग रास्त आहे. पण दोष त्या तपासणीचा, उपचाराचा नव्हे. गोळी खाज दाबते, पिसू मारत नाही. आता कुत्र्याला पिसवांचं औषध वजन सांगून आणा, आणि अंथरूण गरम पाण्यात धुवा. अंडी अंगावरून तिथंच गळतात. नुसतं कुत्रं धुऊन पुन्हा त्याच गोधडीवर झोपवलं की महिन्यानं तुम्ही परत इथंच.

करवीरचा_गोठा
आणि गोठ्यात कुठली गोधडी धुवायची?

रंकाळ्याचं_वारं
:) मानेवर ठिपका सोडायचं औषध आणतो. उरलं तर मांजरीला लावू का? ती पण खाजवतेय.

तांबडा_पांढरा
अजिबात नको! कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, मांजरीला त्यानं झटके येतात, जीवही जातो. तिचं वेगळं आणा. आणि औषध सुकेपर्यंत दोघांना एकत्र झोपू देऊ नका.