स्टेम सेल चुकली म्हणजे नशीब? मग तपासणी कशाला?

परळची_मीनल
"मोठ्या आतड्याचा कॅन्सर स्टेम सेलच्या (विभागून नव्या पेशी बनवत राहणाऱ्या मूळ पेशीच्या) विभाजनातल्या चुकीने होतो, म्हणजे निव्वळ नशीब. काय हवं ते खा, कोलोनोस्कोपीचे (आतड्यात कॅमेऱ्याची नळी घालून करायच्या तपासणीचे) पैसे वाचवा." सुहासरावांची ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. पॅथॉलॉजीत काम करते, गप्प बसवत नाही.

टोमासेट्टी-व्होगेलस्टाइन या संशोधकांच्या 2015 च्या लेखात म्हटलंय ते एवढंच: वेगवेगळ्या अवयवांत कॅन्सरचं प्रमाण कमी-जास्त का, यातला साधारण दोन-तृतीयांश फरक तिथल्या स्टेम सेल आयुष्यभरात किती वेळा विभागतात याच्याशी जुळतो. 'दोन-तृतीयांश कॅन्सर नशिबाने होतात' असं त्यात कुठेच नाही. हवाईत स्थायिक झालेल्या जपानी लोकांत हा कॅन्सर मायदेशापेक्षा कितीतरी वाढला. स्टेम सेल त्याच होत्या, ताट बदललं होतं.

स्लाइडवर आतड्याच्या अस्तरात बारीक नळ्यांसारखे क्रिप्ट दिसतात. तळाशी स्टेम सेल असतात. वरच्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात, बिघाड झाला तरी बहुधा सोबत घेऊन जातात. तळची टिकते, म्हणून तिचा बिघाडही टिकतो. संशोधक हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने 2009 मध्ये उंदरांच्या स्टेम सेलमधला एपीसी हा गाठींना आवर घालणारा जनुक निकामी केला, तर काही आठवड्यांत गाठी वाढल्या. वरच्या पेशींत तेच केलं तर वाढ खुंटली. माणसात पॉलिपचा (अस्तरावर उगवलेल्या छोट्या गाठीचा) कॅन्सर व्हायला बहुतेकदा दहाएक वर्षं लागतात. तेवढ्या काळात पॉलिप काढता येतो. पैसे कसले वाचवता?

माहीमचा_सुहास
माझा चुलतभाऊ याच कॅन्सरने 38 व्या वर्षी गेला. शाकाहारी, दारू-सिगारेट नाही, रोज शिवाजी पार्कला धावायचा. तेराव्याला लोक काकूला विचारत होते, "बाहेरचं फार खायचा का हो?" नशीब म्हटलं की निदान त्या माउलीवर ठपका येत नाही. तुमच्या स्लाइडवर हे दिसत नाही, ताई.

जीवशास्त्र_रुईया
मीनलताई, 2009 वर थांबू नका. 2013 मध्ये संशोधक ग्रेटेन यांच्या गटाने दाखवलं की आतड्याला दाह (सूज) असेल तर वरच्या पेशीही मागे फिरून स्टेम सेलसारख्या वागतात आणि गाठ करतात. 2017 मध्ये उंदरांच्या गाठीतल्या एलजीआर5 स्टेम सेल (एलजीआर5 हे प्रथिन ही त्यांची ओळखखूण) मारून पाहिल्या, तरी मूळ गाठ आटली नाही. बाकीच्या पेशींनी ती जागा भरली. 'तळचीच पेशी गुन्हेगार' हे फार सोपं झालं.

परळची_मीनल
'तळचीच' मी म्हटलेलं नाही. पण ठीक आहे, दाहाचा मुद्दा घेते. तो माझ्याच बाजूचा आहे, दाह काही नशिबाने होत नाही. आणि त्याच 2017 च्या प्रयोगात यकृतात पसरायला एलजीआर5 पेशी लागल्याच, तेही सांगा.

कल्याण_स्लो
तुमचे उंदीर राहू द्या. लोकलच्या दारावरची स्टिकरं बघा: 'मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन, मुळापासून'. बाबांना शौचातून रक्त जायचं. फॅमिली डॉक्टर मलम देत राहिले, बोट घालून एकदाही तपासलं नाही. कळलं तेव्हा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेला होता.

लालबागची_सून
अगदी हेच! माझ्या सासूबाईंचं हिमोग्लोबिन सातवर आलं तरी लोहाच्या गोळ्याच चालू. बायकांचं रक्त कमी असायचंच, म्हणे.

सर्जन_ठाणे
सरसकट डॉक्टरांना झोडपू नका. बहुतेकांचं रक्त खरंच मूळव्याधीचं असतं. प्रत्येकाला स्कोपी करायची तर सरकारी रुग्णालयाची रांग रस्त्यावर येईल.

कल्याण_स्लो
रांगेची गोष्ट मला सांगू नका. बोट घालून तपासायला कुठली रांग लागते? दोन मिनिटं नव्हती तुमच्या लोकांकडे!

सर्जन_ठाणे
तपासायलाच हवं होतं. त्यात वाद नाही. उतारवयात लोह कमी पडलं, शौचाची सवय बदलली, वजन उतरलं, तर स्कोपी हवीच. पण सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. त्यावरही जरा चिडा.

लालबागची_सून
चिडतोच आहोत. आधी ती स्टिकरं काढायला लावा.

परळची_मीनल
सुहासराव, काकूंवर ठपका ठेवणाऱ्यांचा मलाही संताप येतो. एकच विचारते, भावाला सख्खी भावंडं आहेत?

माहीमचा_सुहास
धाकटी बहीण. 31 ची.

सर्जन_ठाणे
सख्ख्या नात्यात इतक्या लहान वयात झाला असेल तर त्या वयाच्या दहा वर्षं आधी पहिली कोलोनोस्कोपी. म्हणजे उशिरात उशिरा 28 व्या वर्षी. तिची व्हायला हवी होती. आनुवंशिकतेचंही बघून घ्या.

माहीमचा_सुहास
आम्हाला हे कुणीही सांगितलं नव्हतं. पोस्ट काढणार नाही, नशिबाचं मत तेच आहे. 'पैसे वाचवा' ही ओळ काढतो. बहिणीला आज फोन करतो.