पैठणीचं ठीक आहे हो, काकांचं काय?

ग्रुप: आपली सोसायटी (फक्त कामाचे मेसेज)
शनिवार

ए-२०२ सेक्रेटरी: आज पालिकेचं पाणी कमी दाबाने येणार. टँकर सांगितला आहे, दुपारपर्यंत येईल. बी विंगसमोर आडवी लावलेली पांढरी गाडी ज्यांची असेल त्यांनी काढावी, टँकर वळत नाही.

बी-४०३ काकू: गाडी आमची नाही. एक विचारायचं होतं, इथेच विचारते. आमच्या लग्नाला जूनमध्ये चाळीस वर्षं होतायत म्हणून मुलाने क्वीन मेरी २ या बोटीचं बुकिंग केलंय. साउदम्प्टन ते न्यूयॉर्क, सात रात्री. आता कंपनीचं माहितीपत्रक आलंय आणि त्यात कपड्यांवरच केवढं लिहिलंय! संध्याकाळी सहानंतर अमुक, गाला इव्हिनिंगला तमुक. आमच्या ह्यांनी पत्रक वाचून जाहीर केलंय की टाय लावणार नाही. कोणी गेलंय का अशा बोटीवर?

सी-३०३ वहिनी: काकू, किती छान!! आम्ही सिंगापूरहून चार रात्रींची केली होती. एक रात्र फॉर्मल होती. मी हौसेने शालू नेला, ह्यांना ब्लेझर चढवायला लावला, आणि शेजारच्या टेबलावर अख्खं कुटुंब टी-शर्ट आणि बर्म्युडात बसलेलं! कोणी चकार शब्द काढला नाही. अजिबात टेन्शन घेऊ नका.

सी-७०१ कॅप्टन: वहिनी, तुमची बोट वेगळी, ही वेगळी. ही क्युनार्डची. कपड्यांच्या बाबतीत आज ज्या थोड्या कंपन्या कर्मठ राहिल्यात त्यातली ही एक. काकू, पत्रकाचा अर्थ असा: दिवसा काय वाटेल ते घाला. सहानंतर रोज ‘स्मार्ट’, म्हणजे पुरुषांना कॉलरचा शर्ट आणि धड पँट. जॅकेट आपल्या मर्जीवर. फाटकी जीन्स नको. सात रात्रींत बहुधा दोन गाला असतात. त्या रात्री डिनर जॅकेट, नाहीतर गडद सूट आणि टाय.

बी-४०३ काका: आणि नाही घातला तर? समुद्रात फेकणार?

सी-७०१ कॅप्टन: नाही. किंग्ज कोर्ट नावाचा बुफे आहे, गोल्डन लायन नावाचा पब आहे. तिथे कोणी हटकत नाही. पण ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये आणि क्वीन्स रूममध्ये, जिथे बॉलरूम डान्स असतो, तिथे त्या रात्री असं जाता येत नाही.

बी-४०३ काका: मग मी बुफेत जेवेन. तिकिटाचे पैसे मुलाने भरायचे आणि गळफास मी लावून घ्यायचा, हे कुठलं?

बी-४०३ काकू: एकाच खोलीत बसून मेसेज टाइप करतोय आम्ही. लग्नाच्या वाढदिवसाला मी ब्रिटानियात आणि हे बुफेत.

ए-६०५: मी काकांच्या बाजूने. सगळीकडे हे सैल होत चाललंय. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने २००० सालीच ‘फ्रीस्टाइल’ आणलं: ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, सूटची सक्ती नाही. सेलिब्रिटी नावाच्या कंपनीने २०१५ मध्ये ‘फॉर्मल नाइट’ हे नावच काढून ‘इव्हिनिंग शिक’ केलं. ओशनिया आणि वायकिंग कंपन्यांच्या बोटींवर फॉर्मल रात्र नसतेच. व्हर्जिनवाले एका रात्री सगळ्यांना लाल घालायला सांगतात, तेही मजा म्हणून.

बी-१०१ आजोबा: सिक म्हणजे आजारी ना? आजारी संध्याकाळ?

ए-६०५: शिक, आजोबा. फ्रेंच शब्द. टापटीप.

बी-१०१ आजोबा: मग टापटीप म्हणायला काय झालं होतं त्यांना.

सी-३०३ वहिनी: पण हे बदललं का, ते मी सांगू? बॅगा! विमानात एका माणसाला २३ किलो. त्यात कोट, काळे बूट, त्या बुटांसाठी वेगळे मोजे, आणि ते सगळं चार तासांसाठी. आम्ही येताना ब्लेझरला शिव्या घालत आलो.

डी-१०४: हे अगदी बरोबर. माझे आजोबा तारवटी होते, म्हणजे आमच्या गोव्यात बोटीवर नोकरी करणाऱ्यांना म्हणतात तसे. मुंबईत धोबी तलावला गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या क्लबात राहायचे आणि बोट मिळाली की पी अँड ओ या इंग्रज कंपनीच्या बोटीवर स्टुअर्ड म्हणून जायचे. त्या काळी गोऱ्या प्रवाशाबरोबर ट्रंकांची रांग असायची. केबिनमध्ये लागेल ती एक आणि बाकीच्या खाली होल्डमध्ये. होल्डमधल्या ट्रंकांवर चिठ्ठी असायची, ‘नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज’, म्हणजे प्रवासात नको. पहिल्या रात्री आणि शेवटच्या रात्री वरच्या वर्गातले लोकही साध्या कपड्यांत जेवायचे, कारण पहिल्या रात्री सामान लागलेलं नसायचं आणि शेवटच्या रात्री बांधून झालेलं असायचं. बाकी सगळ्या रात्री पूर्ण पोशाख. एका मडमेने आजोबांना तिची जुनी ट्रंक देऊन टाकली. आमच्याकडे ती अजून आहे, तांदूळ ठेवतो त्यात. चिठ्ठीही आहे झाकणावर. आजोबा रजेवर येऊन फार दिवस घरी राहिले की आजी त्या चिठ्ठीकडे बोट दाखवायची.

बी-४०३ काकू: 😂😂 आजी भारी!

ए-२०२ सेक्रेटरी: पांढरी गाडी अजून तिथेच आहे.

डी-१०४: एक राहिलं. आजोबा म्हणायचे, साहेबाला रोज वेगळा शर्ट, पण आमचा पांढरा कोट एकच. रात्री धुवायचा, इंजिनच्या बाजूला गरम भिंत असायची तिथे वाळवायचा आणि सकाळी खळ लावून कडक. प्रवाशाच्या कॉलरला डाग असला तर कोणी बघत नसे. स्टुअर्डच्या बाहीला आमटीचा थेंब दिसला की त्याची खैर नव्हती.

सी-७०१ कॅप्टन: आमच्या मालवाहू बोटींवरही पोशाखाचा नियम होताच. बॉयलर सूट घालून सलूनमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या जेवणघरात, शिरायचं नाही. इंजिनरूममधून तसंच यायचं असेल तर ड्यूटी मेस वेगळा. आणि काका, उकाड्याची सोय साहेबाने स्वतःपुरती केली होती बरं का. लाल समुद्रातल्या उकाड्यात कोट सहन होईना, म्हणून नौदलात ‘रेड सी रिग’ निघाला. कोट काढायचा, पांढरा शर्ट, काळी पँट आणि कमरेला कमरबंद. ह्याला पूर्ण पोशाख म्हणायचं! तो कमरबंद आपल्याकडूनच गेलाय, नावासकट. इंग्रजीतही तेच म्हणतात. आणि खाली इंजिनरूममध्ये घालतात ती डांगरी मुंबईच्या डोंगरीच्या कापडावरून. म्हणजे बोटीवर वरपासून खालपर्यंत आपलंच.

बी-४०३ काका: हे आवडलं. मी कमरबंद बांधून जातो.

बी-४०३ काकू: त्यावर कोट लागतो. आपण लाल समुद्रातून जात नाही आहोत.

बी-१०१ आजोबा: कपड्यांवरून बोटीवर फजिती झाली ती मोहनदास गांधींची. १८८८ च्या सप्टेंबरात मुंबईहून विलायतेला निघाले, वय अठरा. काट्याचमच्याची सवय नाही आणि कशात मांस आहे हे विचारायचा संकोच, म्हणून टेबलावर जायचेच नाहीत. बरोबर नेलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये बसून खायचे. बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरतानासाठी राखून ठेवला. उतरले तर सप्टेंबर संपत आलेला आणि पांढऱ्या कपड्यांत हे एकटे! दिवस शनिवारचा, सामान एजंटकडे गेलेलं, ते सोमवारशिवाय मिळेना. शरमेने अर्धमेले झाले. पुढे त्याच देशात पंचा नेसून राजाला भेटायला गेले, ती गोष्ट वेगळी.

बी-४०३ काका: बघा! पंचा चालला.

सी-७०१ कॅप्टन: काका, तुम्ही आधी दांडीला जाऊन या, मग बघू.

बी-१०१ आजोबा: आणि टायला एवढी नावं कशाला ठेवायची? जेवायला कपडे बदलणं आपल्याला काय नवीन आहे? आमच्या घरी मुकटा, म्हणजे सोवळ्याचं रेशमी वस्त्र, नेसल्याशिवाय पानावर बसायला मिळत नसे. थंडीत उघड्या अंगाने. साहेब जेवायला कोट चढवायचा, आम्ही सदरा उतरवायचो, एवढाच फरक. माझ्या वडिलांनी कचेरीतून येऊन मुकटा नेसणं कधी चुकवलं नाही. मग घरात टेबलखुर्ची आली, गॅस आला, मुलं हॉटेलात जेवायला लागली, आणि एक दिवस लक्षात आलं की मुकटा कुठे ठेवलाय हे कोणालाच माहीत नाही. कोणी बंद केला नाही. आपोआप गेला.

ए-६०५: आजोबा, गोष्ट छान आहे. पण त्या सोवळ्यात कोणी शिवायचं नाही आणि कोणी पंक्तीबाहेर बसायचं, हेही ठरलेलं होतं ना? कपडे नुसते कपडे नसतात, कोणाला आत घ्यायचं त्याचा तो पास असतो. म्हणून मला हे ड्रेस कोड खुपतात.

बी-१०१ आजोबा: होतं. माझ्या आईला ते तेव्हाही पटत नसे. तुझं खोडून काढत नाही.

सी-७०१ कॅप्टन: ए-६०५, बोटीवरचं तर उघडउघड तसंच होतं. वरच्या वर्गाचं जेवणघर वेगळं, खालच्याचं वेगळं. अजूनही क्वीन मेरीवर महागड्या सुइटवाल्यांना क्वीन्स ग्रिल, त्याखालच्यांना प्रिन्सेस ग्रिल आणि बाकीच्यांना ब्रिटानिया. पण गाला रात्री क्वीन्स रूममध्ये सगळे एकत्र असतात आणि काळ्या जॅकेटात कोण सुइटवाला आणि कोण आतल्या बिनखिडकीच्या केबिनचा, हे कळत नाही. सर्वांनी एकसारखं घातलं की पैसे दिसत नाहीत. टी-शर्टवर मात्र ब्रँड दिसतो.

ए-६०५: हम्म. हे मान्य करावं लागेल. अर्धं.

सी-३०३ वहिनी: शाळेचा गणवेशच की मग.

ए-२०२ सेक्रेटरी: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामासाठी वापरावा. बाकी ड्रेस कोडचा विषय निघालाच आहे तर, क्लबहाउसमध्ये ओल्या पोहण्याच्या कपड्यांत येऊ नये ही सूचना परत चिकटवत आहे.

डी-१०४: सेक्रेटरी साहेब, लुंगीवर बंदी आणू नका म्हणजे झालं. २०२३ मध्ये ग्रेटर नोएडातल्या एका सोसायटीने लुंगी आणि नायटी घालून खाली फिरू नका असं पत्रक काढलं होतं, देशभर बातमी झाली.

ए-२०२ सेक्रेटरी: तशी सूचना माझ्याकडे दोनदा आली आहे. कोणाकडून ते सांगणार नाही.

बी-४०३ काकू: अहो माझं राहिलं बाजूला! मी पैठणी नेऊ का?

सी-७०१ कॅप्टन: बेधडक न्या. साडीला कोणतीही बोट अडवत नाही. राष्ट्रीय पोशाख गालाला चालतो, स्कॉटिश लोक किल्ट घालून येतात. बायकांचा प्रश्न कधी नसतोच, घोडं पुरुषांपाशी अडतं. फक्त डेकवर निऱ्यांना भरपूर पिना लावा, अटलांटिकचा वारा पैठणी ओळखत नाही. आणि प्रवासी इस्त्री बॅगेत टाकू नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. त्या बोटीवर धुलाईची खोली आहे, तिथे इस्त्री मिळते.

बी-४०३ काकू: पत्रकात एका रात्रीला ‘ब्लॅक अँड व्हाइट’ लिहिलंय. माझी काळी चंद्रकळा आहे, पांढरी खडी असलेली! संक्रांतीशिवाय कपाटाबाहेर निघत नाही ती. जूनमध्ये अटलांटिकवर नेसते.

सी-३०३ वहिनी: हलव्याचे दागिने पण न्या 😄

सी-७०१ कॅप्टन: थीमची सक्ती नसते, पण चंद्रकळा म्हणजे कमाल. आणि काका, राष्ट्रीय पोशाख तुम्हालाही चालतो. काळा बंदगळा शिवा. गळ्यापर्यंत बटणं, टाय नाही, फास नाही, आणि ब्रिटानियाच्या दारात उलट मान मिळेल.

बी-४०३ काका: हे आधी सांगायचं ना. दोन तास भांडतोय मी.

सी-७०१ कॅप्टन: माझ्या पहिल्या मेसेजनंतर तुम्ही समुद्रात फेकण्याची भाषा केलीत.

डी-१०४: काका, त्या बोटीवर पश्चिमेला जाताना बहुतेक रात्री घड्याळ एक तास मागे करतात. म्हणजे पंचवीस तासांचा दिवस. बंदगळा घालून बसायलाही एक तास जास्त.

ए-६०५: पांढरी गाडी माझ्या भावाची निघाली. सॉरी, काढतोय.

ए-२०२ सेक्रेटरी: टँकर परत गेला.

रविवार

बी-४०३ काकू: लक्ष्मी रोडवर जाऊन ह्यांच्या बंदगळ्याचं माप दिलं. शिंप्याने विचारलं, लग्न कोणाचं? म्हटलं आमचंच. बोटीवरच्या सात रात्रींचं जेवण सांगितल्यावर म्हणाला, पोटात एक इंच जास्त ठेवतो.

सी-७०१ कॅप्टन: दोन ठेवायला सांगा.