चेनसॉ: जुनी घेऊन दुरुस्त करावी की नवीच घ्यावी? तुमचे अनुभव सांगा

संत्र्याच्या बागेतली सल (वाळलेल्या फांद्या) काढायची आहे, शिवाय अवकाळी वादळात धुऱ्यावरची बाभूळ पडली आहे. बाग कळमेश्वरकडे, राहणं नागपुरात. एक जुनी मशीन निम्म्या किमतीत मिळते आहे, पण ती बंद आहे. ज्यांनी स्वतः वापरली, खोलली, त्यांनी सविस्तर लिहा.

मिस्त्री, हिंगणा रोड
भाऊ, पैसे देण्याआधी सायलेन्सर खोलून पाहा. दोन-तीन बोल्ट असतात. त्या भोकातून टॉर्च मारली की पिस्टन दिसतो. तो गुळगुळीत असेल तर बिनधास्त घ्या. उभे ओरखडे दिसले तर हात लावू नका. ऑइल न टाकता नुसत्या पेट्रोलवर चालवली की असंच होते. मग पिस्टन-सिलिंडरचा खर्च नव्या मशीनच्या जवळ जाते. दुसरं, दोरीची मूठ धरून मशीन लटकवा. झपकन खाली आली तर कॉम्प्रेशन गेलं समजा. चालू मशीन पाहायला गेले तर मालकाला आधीच सांगा, गरम करून ठेवू नको. मशीन थंड असतानाच खरं काय ते समजते.

काटोलचा बागायतदार
माझी जुनीच आहे, समाधानी आहे. टाकीत पेट्रोल तसंच ठेवल्यामुळे कार्बोरेटरचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) कडक झाला होता आणि पाइप चिरला होता. डायफ्राम किट, पाइप, फिल्टर, प्लग बदलले आणि सुरू झाली. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, ते ओलावा धरते. काम झालं की टाकी रिकामी करा आणि बंद पडेपर्यंत चालवा. ऑइलचं माप मशीनच्या पुस्तकातलंच पाळा: ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४०. सलीसाठी मोठी मशीन लागतच नाही, १२-१४ इंची पट्टी (जिच्यावर चेन फिरते ती) पुरते. बारीक फांद्यांना आरीच बरी. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावाच.

मानेवाडा
मी नवी घेतली, कारण एकच: चेन ब्रेक. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येते, तेव्हा हा ब्रेक चेन थांबवतो. पाहिलेल्या एका जुन्या मशीनचा ब्रेक कोणीतरी काढूनच टाकला होता. घरी लहान मुलं आहेत, तिथे मी बचत पाहिली नाही.

इतवारीजवळ राहणारी
नवी म्हणजे चांगलीच, असं नाही. बाबांनी ऑनलाइन एक स्वस्त, बिननावाची ५८ सीसी मागवली. क्लच गेला. लोहा ओळीत दुकानं पालथी घातली, मापाचा मिळाला नाही. विकणाऱ्याने फोन उचलणंच बंद केलं. म्हणून जुनी असो की नवी, आधी त्या मॉडेलचा क्लच आणि चेन नागपुरात मिळते का ते विचारा, मग किमतीचं बोला.

पुन्हा मिस्त्री
ताई बरोबर बोलल्या. आणि वाळली बाभूळ लई टणक, चेन लवकर बोथट होते. भुसा पिठासारखा पडू लागला की थांबा, गोल कानस मारा. जोर लावून दाबत बसू नका, पट्टी जळते.